पृथ्वी फिरविण्यास अकरा दिवस उरले त्याची हकीकत

श्री.

नमन त्या काठीस, जिची सावली मनुष्याने पहिल्याने मोजिली. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. घरच्या थोरामोठ्यांनी पुसिले कीं, राजकन्येच्या चौथीतील प्रवेशाचे प्रकरण कैसे जाले ते खरे खरे लिहोन द्यावे. त्यास सेवकाने पाहिले ते एकीकडे आणि ऐकिले ते दुसरीकडे ठेवून लिहिले आहे. सेवक म्हणजे या घरच्या राजांचा वृद्ध चुलता. अक्षरे साठीनंतर गिरविली, सबब वळण वाकडे असेल, ते सांभाळून घ्यावे.

राज्य म्हणावे तर तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, एक गच्ची सामाईक. राजे दूर प्रांती यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामगिरीवर, महिन्यातून एक वेळ येत. कारभार सर्व विशाखाबाईसाहेबांकडे, ज्या लग्नाआधी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळीत आणि विसळताना शिकविलेले सर्व कानात साठवीत. राजकन्या ऋजुता, वय वर्षे नऊ, हिच्या खुब्याची दोन वेळ शस्त्रक्रिया जाली आणि कंबरेपासून प्लास्टर पडले, आणि शाळा दोन वर्षे सुटली. तेव्हां बाईसाहेबांनी पण केला कीं, लेकीस विज्ञान घरीच शिकवीन, आणि मनुष्यजातीस जे ज्या क्रमाने उमगले त्याच क्रमाने शिकवीन. मग दारास पाटी लाविली आणि तीवर खडूने सन लिहिला, आणि हुकूम सुटला कीं, पाटीवर जो सन असेल त्याच्या पुढची गोष्ट या घरात कोणी उच्चारू नये. पंखा खुशाल लावावा, पण तो कां फिरतो ते बोलू नये. कोणाच्या जिभेवर पुढील काळाची गोष्ट आलीच तर चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकावी, ती ऐकीव. ज्याचा पडताळा डोळ्यांनी पाहिला ते तेवढे आपले. डब्याचे झाकण दवाखान्याच्या चिकटपट्टीने बंद केले, वर फट ठेविली, आणि वर्षअखेरीस उघडावा ऐसा ठराव जाला.

मग राज्य चालू लागले. गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडिली, आणि खाटेवरून दिसेल ऐशी काठी गच्चीत रोवून तिची सावली मोजिली, आणि कंगवा केसांत घासून कागदाचे कपटे उचलिले, आणि पाण्यात बुडालेल्या वस्तूच्या पाठाशी पोहोचले तो राजांच्या भगिनी कुंदाआत्यासाहेब शहरातून भेटीस आल्या. त्यांनी हात धुण्यास पाटली उतरून ठेविली, आणि राजकन्येने ती तोलून पाण्याने काठोकाठ भरल्या पेल्यात बुडविली आणि सांडलेले पाणी मोजून आईच्या अंगठीशी प्रमाण ताडून पाहिले.

"आत्या, एवढ्या वजनाला पाणी जास्त सांडलं. ही निव्वळ सोन्याची नाही."

"अगं, लाख भरलेली आहे ती! सासरची पाटली आहे माझ्या, आत लाखच असते!" आत्यासाहेब लाल जाल्या. "विशाखा, हे शिकवतेस तू हिला? पाहुण्यांचे दागिने तपासायला?"

"वन्सं, तिनं बरोबर ओळखलं हो," बाईसाहेब बोलिल्या, आणि ते बोलणे आगीत तेल जाले.

आत्यासाहेबांनी जाताना निकाल दिला कीं, वैशाखात शाळा तोंडी परीक्षा घेणार आहे. मुलगी पास जाली आणि बरोबरीच्या मुलींत चौथीत बसली तर उत्तम. तिसरीत अडकली तर शहरात माझ्या घराशेजारी निवासी शाळा आहे तेथे पाठवावी. राजांनी फोनवर मान्य केले. राजकन्येने ते ऐकिले आणि त्या दिवसापासून गच्चीवरच्या खेळगड्यांची नावे झोपताना मोजू लागली, जणू कोणी त्यातली एक दोन कमी करील.

मार्गशीर्षात प्लास्टर निघाले आणि कुबडी आली. राजकन्या संध्याकाळी गच्चीत बसे आणि पुनर्वसूच्या दोन तारा काळ्या कागदावर खडूने काढून मंगळाच्या जागी आईची तांबडी टिकली लावी. दर चार दिवशी एक टिकली. आणि काय अनर्थ, मंगळ थबकला आणि मागे फिरला, आणि टिकल्यांची ओळ उलटी चालू लागली, आणि माघ सरत आला तेव्हां तो पुन्हा पुढे वळला. पाटीवर सन ११५० होता. आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरविली होती ते राजकन्येस पटले होते, परंतु तीच पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे जगास पटवून देणारा पंडित अजून चारशे वर्षे दूर होता. बाईसाहेबांनी पोळपाटावर बांगडी आणि बांगडीवर मोहरी फिरवून दाखविले कीं, त्या काळी चक्रात चक्र मानीत.

"पण मंगळाला एवढी कसरत करायला कुणी सांगितली?" राजकन्या बोलिली. "मला पटत नाही. हे सुटेपर्यंत पाटी पुढे न्यायची नाही."

ऐशात माघ वद्य दशमीस शाळेचे पत्र आले कीं, परीक्षा वैशाखात नव्हे, फाल्गुन शुद्ध सप्तमी गुरुवारी घेण्यात येईल. अकरा दिवस उरले. बाईसाहेबांनी शाळेची प्रश्नपत्रिका गेल्या सालची मिळविली आणि तीत तिसराच प्रश्न पाहिला: कोण कोणाभोवती फिरते? पत्रिका हातातून सुटून कणकेच्या परातीत पडली.

मग राज्यात जी धांदल उडाली ती काय सांगावी. बाईसाहेब दिवसास पन्नास वर्षे पळवू पाहत आणि राजकन्या मंगळापाशी अडून बसे. सेवकास ओटा पुसताना म्हणाल्या, "आबा, मीच घात केला का हो? सगळ्या मुलींना दोन ओळींत येतं ते. पाठ करून घेतलं असतं तर सुटलो असतो."

"सांगून टाक," सेवक बोलिला.

"सांगितलं तर ती म्हणणार, ऐकीव आहे, डब्यात टाक. आणि बाईंनी विचारलं तरी तेच म्हणणार. ओळखत नाही का तुम्ही तिला?"

सेवक ओळखीत होता.

सप्तमीस सकाळी तिघे एस.टी.त बसलो, राजकन्या डाव्या खिडकीशी, कुबडी सेवकाच्या मांडीवर. शाळा तळ्यापलीकडे, रस्ता तळ्यास वळसा घालून जातो, तळे उजव्या हातास आणि डावीकडे दूर डोंगर. बाईसाहेबांनी चार वेळ तोंड उघडिले आणि मिटले, आणि मग न राहवून म्हणाल्या, "ऋजू, ऐक. आज एक गोष्ट सांगते, तेवढी मान."

"कुठल्या सालची?"

"सन पंधराशे..."

राजकन्येने दोन्ही कान झाकिले. "आई! आपली पाटी साडेअकराशेवर आहे. नियम तुझाच आहे!"

बाईसाहेबांनी पदर तोंडास लाविला आणि दुसऱ्या बाजूस पाहू लागल्या. इतक्यात वळणावर आमच्या गाडीने आतल्या अंगाने एका उसाच्या ट्रकास गाठिले. ट्रक बाहेरच्या अंगाने चालला होता, दूरच्या डोंगराच्या पुढून पुढे सरकताना दिसत होता, आणि आमची गाडी शेजारी येताच तो डोंगरापुढून मागे मागे गेला, आणि आम्ही वळणावर बरेच पुढे गेलो तेव्हां पुन्हा पुढे चालू लागला. राजकन्येचे कानावरचे हात गळाले.

"आबा, ट्रक थांबला होता का?"

"नाही गं. चालतच होता."

"मागे वळला?"

"वेडी का काय. आपण त्याला ओलांडून गेलो."

राजकन्या शाळा येईपर्यंत खिडकीच्या काचेवर वाफ सोडून बोटाने गोलात गोल काढीत बसली, आणि बाईसाहेबांस वाटले कीं लेक भेदरली, आणि त्या स्वतः अधिकच भेदरल्या.

मुख्याध्यापिका दळवीबाई, करड्या केसांच्या, हातात पेन्सिल, समोर छापील कागद. बरोबरची खूण अगर फुली, तिसरे काही नाही. आम्हांस दाराशी बाकावर बसविले. पाणी, हवा, सावली, चुंबक, सर्वांवर राजकन्येने अशी उत्तरे दिली कीं बाई दोन वेळ हसल्या. मग पुढील ओळीवर पेन्सिल आली.

"पृथ्वी सूर्याभोवती फिरते, की सूर्य पृथ्वीभोवती?"

"कालपर्यंत सूर्य फिरत होता," राजकन्या बोलिली.

पेन्सिल फुलीची पहिली रेघ ओढून थांबली. बाईसाहेबांनी सेवकाचे मनगट असे धरिले कीं नखांच्या खुणा दुसरे दिवशीही होत्या.

"कालपर्यंत म्हणजे काय, बाळ?"

"म्हणजे मला मंगळ सुटत नव्हता. तो मागे का जातो ते. आज ट्रक मागे गेला. खडू मिळेल का?"

बाईंनी खडू दिला. राजकन्येने कुबडी फळ्यास टेकविली आणि मध्ये सूर्य काढिला, आणि त्याभोवती दोन वाटा काढिल्या, आणि बोलिली, "आतल्या वाटेवर आमची एस.टी. बाहेरच्या वाटेवर ट्रक. आम्ही त्याला गाठलं तेव्हा तो मागे गेला असं दिसलं, पण तो मागे गेला नव्हता. मंगळ पण मागे गेला नव्हता. म्हणजे आपणच त्याला ओलांडलं. म्हणजे आपण पण फिरतोय, आणि मध्ये आपण नाही." मग बोलिली, "पण अजून एकदाच पाहिलंय. चुकलं असेल तर सांगा."

दळवीबाईंनी उठून फळ्यावरच्या दोन्ही वाटांवरून पेन्सिल फिरवून पाहिली. मग विचारिले, "हे तुला आधी कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं ना, शेजारच्या गार्गीनं. ते डब्यात आहे."

बाईंनी रबर घेतले आणि ती अर्धी रेघ खोडिली आणि कागदाच्या खाली सही केली, आणि बाईसाहेबांस म्हणाल्या, "जूनमध्ये चौथीत पाठवा. आणि तुमच्या घरी सध्या कोणतं साल चालू आहे ते मला कळवत जा."

घरी आलो तो कुंदाआत्यासाहेब दारात. निकालाची वाट घरी बसून पाहवेना म्हणून पहिल्या गाडीने आल्या होत्या आणि पाटीखाली पायरीवर बसल्या होत्या. राजकन्येने पायरीवर चढून ११५० पुसिले आणि खडू हाती घेऊन विचारिले, "आई, कोणतं?" बाईसाहेब म्हणाल्या, "पंधराशे त्रेचाळीस," आणि तो सन पाटीवर चढला. मग ठराव मोडून डबा उघडिला.

चिठ्ठ्या नऊ निघाल्या, आणि नऊंवरही गोष्ट एकच. एक गार्गीची, तीखाली राजकन्येच्या हातचे "ऐकीव". एक दूधवाल्याची, एक दवाखान्यातल्या नर्सबाईंची, दोन राजांच्या, बाईसाहेबांच्या तीन, त्यातली शेवटची पीठ लागलेली. आणि एक सुबक अक्षरात, आत्यासाहेबांची, पाटलीच्या दिवशी जाताना टाकिलेली: पृथ्वी फिरते, मुलीला वेळेवर सांगा, मला तिला इथून न्यायचं नाही.

एकूण अकरा दिवसांचे काळजीचे काम एका उसाच्या ट्रकाने केले. दहावी चिठ्ठी सेवकाने लिहिली होती, परंतु अक्षर वाईट म्हणून टाकिली नाही, ती अजून खिशात आहे. आत्यासाहेबांची चिठ्ठी वाचली गेली तेव्हां त्या रडल्या किंवा कसे, हे सेवकाने पाहिले नाही, चष्मा पुसत होता. राजकन्या सांगते कीं रडल्या. सबब ते ऐकीव.