सात नंबरचा चौकोन

प्रयोगात चुका होतात त्या माणसांमुळे, असं चंद्रकांताचं ठाम मत होतं. म्हणून तिने आपल्या प्रयोगात माणसं ठेवलीच नव्हती. फक्त गवत होतं.

एकोणीसशे एकोणऐंशी सालची गोष्ट. आंबागडच्या किल्ल्याखाली गोमाजींची पडीत जागा होती. तिथे तिने एका ओळीत आठ चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोन दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, कोपऱ्यांना आकडे लिहिलेल्या खुंट्या आणि भोवती सुतळी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जवाहरनगरहून यायचं, पाळी असेल तो चौकोन विळ्याने जमिनीलगत कापायचा, गवत वाळवून तोलायचं. सात नंबरला मात्र वर्षभर हात लावायचा नव्हता. कापलं नाही तर गवत किती वाढतं, ते त्यावरून ठरणार होतं. ऑगस्टात नागपूरहून तिचे मार्गदर्शक सर तो चौकोन बघायला येणार होते, आणि बघून शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या वर्षाच्या कागदावर सही करणार होते.

"सर, माझ्याकडे चूक सापडणार नाही," असं तिने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सर नुसते "बघू" म्हणाले होते.

सर यायच्या तीन दिवस आधी, मंगळवारी, ती सुतळ्या ताणून घ्यायला गेली, तर सात नंबर जावळ काढलेल्या पोराच्या डोक्यासारखा, नुसती दोन बोटं नवी फूट.

चंद्रकांता तशीच गोमाजींच्या घरी गेली. राखण त्यांच्याकडेच होती. गोठ्यात बैल निवांत पवन्या गवत खात होते, आणि सात नंबरात पवन्याच होता. तिला आणखी काय पाहिजे होतं?

"गोमाजी, सात नंबर कोणी कापला?"

"कोनी नाही कापला जी."

"मग हे गवत कुठलं?"

"हे तं तलावाच्या पाळीवरचं, बांधावरचं हाय."

चोर असंच म्हणणार, असा विचार करून ती सरपंच पुंडलिकरावांकडे गेली. प्रकरण गुपचूप मिटवावं, एवढीच तिची इच्छा होती. पण अर्ध्या तासात पुंडलिकरावांच्या घरापुढची छपरी माणसांनी भरली. गोमाजी आले, मागून त्यांची बायको मंदाबाई आली. ज्यांना गवताशी काही देणंघेणं नव्हतं ते सगळ्यांत पुढे बसले.

"बाई," पुंडलिकराव म्हणाले, "कवा कापलं, काही अंदाज?"

या प्रश्नाची ती जणू जन्मभर वाट बघत होती. तिने पिशवीतून पट्टी काढली. "नवी फूट साडेचार सेंटिमीटर आहे. या पावसात पवन्याला एवढं वाढायला आठ दिवस लागतात. म्हणजे गेल्या सोमवारी कापलं."

छपरीत कौतुकाची कुजबुज झाली. "गवत पाहून वार सांगते," कोणीतरी म्हणालं. "पोलिसात पायजे होती."

"सोमवारी तं तूच आली होती ना पोरी?" मंदाबाई म्हणाल्या.

"मी दुपारी परत गेले. माझ्यानंतर कापलं."

गोमाजी बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असन जी. माहीच चूक असन."

"मंग भरून दे," पुंडलिकरावांनी निकाल दिला.

"ते काय भरून देणार? वर्ष गेलं माझं," असं म्हणून चंद्रकांता एसटी गाठायला निघून गेली.

शुक्रवारी सर आले. चिखलातून बूट हातात घेऊन वर चढले. चौकोनांपाशी गोमाजी हात जोडून उभे होते.

"बाई, भरून देल्लं," ते म्हणाले.

सात नंबरभोवती वीतभर उंच बांध घातला होता. आत घोटाभर पाणी होतं. आणि त्या पाण्यात, धानाची रोपं लावावीत तसं, वीत-वीत अंतरावर गवत लावलेलं होतं. ओळी सुताने आखल्यासारख्या सरळ. बाजूला मंदाबाई आणि आणखी चार बाया, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या.

"आमचा धानाचा रोवना संपलाच होता," मंदाबाई म्हणाल्या. "तं हा बी करून टाकला. पाह्य ना, एक रोप वाकडं नाही."

सरांनी चष्मा पुसला. "चंद्रकांता, हेच का ते हात न लावलेलं गवत?"

"सर, राखणदारच चोर निघाला," ती हलक्या आवाजात म्हणाली. पुरेसा हलका नव्हता. गोमाजींनी मान खाली घातली.

सर ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे गेले आणि थांबले. "या महिन्यात तू दोन नंबर कापलास ना? हा तर मांडीला लागतोय."

"वाढला असेल, सर."

बोलता बोलताच तिला कळलं. अकरा दिवसांत एवढं वाढणारं गवत बांबू सोडला तर जगात नाही. त्या सोमवारी नेहमीची वाट पाण्याखाली होती. म्हणून चंद्रकांता किल्ल्याच्या बाजूने आली होती. खुंट्यांवरचे आकडे गवतात बुडालेले होते, आणि तिला ते बघायची गरज कधी वाटलीच नव्हती. एक, दोन मोजून ती कापायला बसली होती. आठांच्या ओळीत उलट्या टोकाने दुसरा म्हणजे सातवा.

"सर, मीच कापलं."

"मला सांगून काय उपयोग? मला थोडंच चोर म्हणालीस?" सरांनी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. "वर्ष पहिल्यापासून काढावं लागेल. जागा पुन्हा देतात का विचार. दिली तर सही करतो."

पुन्हा तीच छपरी. माणसंही तीच, थोडी जास्तच, आणि कडेला सर. चंद्रकांता मध्ये उभी राहिली. कान इतके तापले होते की त्यांवर भात शिजला असता.

"गवत मीच कापलं होतं," ती म्हणाली. "गोमाजींनी नाही. मी त्यांना उगाच चोर म्हटलं. माझं चुकलं."



"मंग तू काहून कबूल झाला रे?" पुंडलिकरावांनी गोमाजींना विचारलं.

"कापल्याचं मले आठवत नव्हतं जी," गोमाजी म्हणाले. "पन बाईनं पट्टी लावून हिसाब दाखवला. मले वाटलं, कापलो असन."

कोणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने खाली बघतच विचारलं, "पुढच्या वर्षी जागा द्याल का?"

गोमाजींनी मंदाबाईंकडे बघितलं. सरांनीही, पेन हातात धरून, मंदाबाईंकडेच बघितलं.

"घे ना पोरी. जागा का कुठी पळून जाते?" मंदाबाई म्हणाल्या. "फकत कापाले आली का मले आवाज देत जा. मले आठपर्यंत मोजता येते."