राख पडता कामा नये

"यावर तुमचा कोणाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणत मामांनी उशी पाठीशी घेतली. मामी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, भाचीनं चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. दोघींनाही जागा सोडून पळता येत नव्हतं.

मामा तेव्हा महागड्या सिगारच्या दुकानात पारखी होते. सिगार कानाशी धरून हलकेच दाबायची, हुंगायची, पेटवायची आणि तिचा स्वभाव सांगायचा, हे त्यांचं काम. अस्सल सिगारची राख झडत नाही, टोकाला घट्ट धरून राहते, यावर मालकाची भारी श्रद्धा. एक बडा हॉटेलवाला सगळा माल उचलणार होता. तो यायच्या आधीच मालकानं मामांना खुर्चीत बसवून सिगार पेटवायला लावली.

"त्याला बोटभर राख दिसली पाहिजे. पडली, तर उद्यापासून तुम्ही घरी."

हॉटेलवाला काही येईना. राख वाढत चालली. मालकानं पंखा बंद केला, मग खिडक्या. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचं मशीन थांबवलं. गल्लीतल्या कुत्र्याला बिस्किटं चारून झोपवलं. मामा नुसत्या भुवयांनी बोलत होते. डावी वर गेली की पाणी, उजवी गेली की माशी. मालक घाबरून माशीला पाणी पाजत होता.

"मग जेवलात कसे?" भाचीनं विचारलं.

"नळीनं सूप. तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून. ओठ हलवायची सोयच नव्हती गं."

"आणि दाढी?"

"न्हावी आला. सिगारच्या खालून वस्तरा फिरवला बिचाऱ्यानं, श्वास रोखून."

"तोवर सिगार संपली नाही?"

"अस्सल होती. अस्सल माल घाई करत नाही."

"ते सगळं असू दे," मामी म्हणाल्या. "तुम्ही एवढा वेळ गप्प बसलात, हेच मला पटत नाहीये."

मामांनी तिकडे कानाडोळा केला. शेवटी हॉटेलवाला आला, तोही सर्दी घेऊन. दारातच असा शिंकला की भिंतीवरचं घड्याळ खाली आलं आणि मालकाचा चष्मा गल्ल्यात जाऊन पडला. राख जागची हलली नाही. हॉटेलवाला वाकला, डोळे बारीक करून बघितलं. "राख झकास आहे. पण हिचा स्वभाव कसा?"

मालक पांढराफटक. सगळे मामांकडे बघायला लागले.

"मग?" भाचीच्या हातातलं टोक सुटलं.

"मग काय, घसा खाकरला आणि खड्या आवाजात सांगितलं, साहेब, आधी अबोल, मधे जरा हट्टी, पण एकदा आपलं मानलं की शेवटपर्यंत साथ सोडत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या तिथे सगळा माल घेतला."

मामींनी खाली पडलेलं चादरीचं टोक उचललं, शांतपणे शेवटची घडी घातली आणि मामांकडे बघितलं.

"आणि तोंडातल्या सिगारची राख?"