गहिनीनाथाची तिकोनी गादी

गहिनीनाथाचं झोपेबद्दल एक ठाम मत होतं, आणि ते तो राहुरीच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवायचा.

"झोप अंगात असावी लागती! दुपारची भाकरी खाल्ली, बांधावर आडवा झालो, की टोपी तोंडावर यायच्या आत मी गेलो! मग वरून इमान जाऊ द्या न्हाईतर अंगावरून बैल!"

हे अगदी खरं होतं. अडचण एवढीच, की तो बांध आता धरणाच्या पाण्याखाली होता.

सरकारनं नवी वसाहत दिली. पत्र्याचं घर दिलं. दारात तोटी दिली. (पाणी नव्हे, तोटी.) झोप मात्र कुणीच दिली नाही. गहिनीनाथ दुपारी जेवून पत्र्याखाली आडवा व्हायचा आणि डोळे टक्क उघडे ठेवून पत्र्याचे खिळे बघत राहायचा. दुपारची झोप गेली, की संध्याकाळी त्याचं डोकं फिरायचं. बायकोशी भांडण, शेजाऱ्याशी भांडण, एकदा तर गावच्या बैठकीत तो स्वतःच मांडलेल्या मुद्द्याच्या विरोधात कडाडून बोलला!

"डॉक्टरला दाखवा," बायको रतनबाई म्हणाली.

"डॉक्टर काय बांध देनार हाय का?"

मग एके दिवशी त्यानं होडी आणली. धरण बांधणाऱ्यांचा कॅम्प उठताना मागं राहिलेली, पुढच्या टोकाला लाकडी खोपटं असलेली. खोपटाला मांजर शिरेल एवढं दार. आत टोकाकडं निमुळती होत गेलेली फळी. कॅम्पातला स्टोअरकीपर तिला बर्थ म्हणायचा.

"आठपंधरा दिसात मी माझ्या शेतावर झोपून दावतो!" गहिनीनाथानं जाहीर केलं.

"दाजी, शेत पान्याखाली हाय," मेहुणा आसाराम म्हणाला.

"मग पान्यावर झोपीन! पन शेत माझंच पायजे खाली!"

लांबी

फळी उघडी होती आणि गहिनीनाथाची कंबर जुनी होती. गादी हवीच. आणि गादी म्हणजे अशी, की फळीला कातडीसारखी बसली पाहिजे! त्यानं म्हाताऱ्या नबीलाल पिंजाऱ्याला बोलावलं.

नबीलालनं खांद्यावरचं पिंजण खाली ठेवलं, होडीत डोकावला, आणि बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही.

"नाना, ही गादी हाय का नांगराचा फाळ?"

"तिकोनी हाय. त्यात काय झालं?"

"मी चौकोनी मानसांसाठी गाद्या भरतो. बापानंबी तेच केलं."

"माप घे, नबीभाई!"

नबीलाल वितीनं मोजायला लागला. गहिनीनाथाला ते पटेना. त्यानं रतनबाईचं जुनं लुगडं आणून फळीवर अंथरलं आणि कोळशानं कडा ओढायला घेतली. तेवढ्यात काठावरून रतनबाई म्हणाली, "अवो, मी काय म्हन्ते, ते शेत—"

"आता न्हाई! रेघ हालती!"

रेघ हललीच. लुगडं उलटं करून दुसरी ओढली.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. सगळा जिल्हा आभाळाकडं बघत होता. गहिनीनाथ फळीकडं बघत होता.

रुंदी

रुंदीवरून काहीच भांडण झालं नाही, म्हणून हा भाग इथंच संपला.

जाडी

"चार बोटं."

"वीतभर!"

"नाना, वर छप्पर किती हाय ते बघितलं का?"

"मला छपरावर कुठं झोपायचंय?"

"वीतभर भरली तर तुमचं नाक छपराला लागंल."

"लागू दे! नाक माझं हाय!"

"वैनी, तुमी तरी सांगा यांना."

"मी धा दिस झालं एक सांगतीय भाई, तेच ऐकंनात. अवो, ते शेत—"

"मधी बोलू नको! जाडी चुकती!"

लांबी (पुन्हा)

गादी झाली! वीतभर जाडीची, पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीची, कोपऱ्याकोपऱ्याला दाभणानं टाके घातलेली. चार माणसं ती उचलून काठाकडं निघाली, आणि गहिनीनाथ मध्येच थांबला.

होडी जाग्यावर होती. पाणी पार लांब.

"आसाराम! होडी इतकी वर कुनी वढली?"

"मी न्हाई वढली, दाजी."

"मग ती काय चालत आली? आळशा, रोज उठून वर वढून ठिवतो, म्हंजी वल्हवाय नको!"

आसारामनं पुष्कळ शपथा घेतल्या. गहिनीनाथाच्या डोक्यात फक्त गादी होती, तिथं शपथ ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी मिळून होडी पाण्यापर्यंत ओढत नेली.

आता गादी आत घालायची. पण रतनबाई आडवी आली. कोरी गादी ऊन दिल्याशिवाय अंगाखाली घ्यायची नाही, ही तिच्या सासूची शिस्त. गहिनीनाथ कुणाचं ऐकत नव्हता, पण आईची शिस्त मोडायची त्याची छाती नव्हती. गादी वाळूवर पसरली. नगर जिल्ह्यातलं ऊन, तेही दुष्काळातलं! कापूस फुलला. फुलला म्हणजे किती? दुपारपर्यंत गादी दूध पिऊन पडलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली.

"घाला आत!"

आसाराम आत शिरून ओढू लागला, गहिनीनाथ आणि नबीलाल बाहेरून ढकलू लागले. गादीचं टोक गेलं, कंबर गेली, आणि मग ती दारात अशी बसली, की बाटलीला बूच!

"दाजी!" आतून बारीक आवाज आला. "मी आत हाय!"

"ठावं हाय! वढ!"

"दाजी, हवा!"

गहिनीनाथानं काठी घेतली आणि गादीला चपटी करण्यासाठी धडाधड बडवायला सुरुवात केली.

"अवो नाना, बडवल्यानं कापूस अजून फुगतो!" नबीलाल ओरडला. "मी जलमभर तेच करतोय!"

बूच आणखी घट्ट झालं. आतला आवाज आणखी बारीक. शेवटी नबीलालनंच दाभण उलटं घालून टाके उसवले, कापूस ओंजळीओंजळीनं बाहेर काढला आणि आसारामला मोकळं केलं. तो बाहेर आला तेव्हा भुवयांपासून मिशांपर्यंत पांढराफेक होता. रतनबाईनं आपल्या भावाला क्षणभर ओळखलंच नाही.

"आता चार बोटांची करू," नबीलाल म्हणाला.

"वीतभर!" गहिनीनाथ म्हणाला. "आत बसून भर!"

नबीलालनं आभाळाकडं बघितलं. मग त्या खोपटात गुडघ्यांवर बसून, खोकत, शिंकत, त्यानं ती गादी फळीवरच भरली आणि तिथंच शिवली. गादी फळीला कातडीसारखी बसली. ती आता कुणालाच बाहेर काढता येणार नव्हती.

खोली

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. वल्ह्यावर आसाराम, मागं पिंजण घेऊन नबीलाल. आपलं काम माणसाला कसं मानवतं ते बघितल्याशिवाय तो कधी जात नसे. गहिनीनाथ पाय पुढं करून दारातून सरपटत आत गेला. नाक छपराला टेकलं. कूस बदलायची सोय नव्हती. बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"कशी हाय गादी, नाना?"

"फस्क्लास!" छपरानं उत्तर दिल्यासारखा आवाज आला. "आसाराम, टेकाडाला वळसा घाल. मोठ्या बाभळीचा शेंडा दिसंल. बांध बरोबर तिच्याखाली!"

होडी टेकाडाला वळली. वल्हं थांबलं.

"दिसला का शेंडा?"

"दिसला, दाजी."

"मग थांब तिथंच!"

"दाजी, बुंधाबी दिसतोय."

"बुंधा कसा दिसंल? बुंधा पान्यात हाय!"

"बुंध्याला शेळी बांधलीय, दाजी."

मग होडीच्या तळाला खर्रर्र झालं आणि होडी एका कुशीवर कलंडून उभी राहिली.

"कुनाची शेळी?" आतून आवाज आला.

"आपलीच!" बाहेरून रतनबाई म्हणाली. ती टेकाडावरून चालत, भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन, केव्हाच येऊन बसली होती. "रोज इथंच बांधतीय मी. पानी कवाच मागं सरलं. तेच सांगत हुते, तर म्हनं रेघ हालती, जाडी चुकती!"

गहिनीनाथाला बाहेर यायचं होतं. गादी सोडेना. मग आसारामनं आणि नबीलालनं त्याला काखेत धरून, अडलेल्या गायीचं वासरू काढावं तसं ओढून काढलं. तो गाळात बसकण मारून पडला. उठला. अनवाणी चार पावलं टाकून त्यानं पायानंच बांध चाचपला. गाळाखाली तो होता. जरासा खचलेला, पण तोच.

तो बांधावर बसला. रतनबाईनं भाकरी पुढं केली. त्यानं ती खाल्ली, हात धुतले, बाभळीच्या सावलीत आडवा झाला, आणि टोपी तोंडावर यायच्या आत गेला!

घोरण्यानं शेळी दचकली. रतनबाई पदरानं माश्या वारत बसली. किती महिन्यांनी आज संध्याकाळी घरात भांडण होणार नव्हतं! आसाराम होडीत शिरायला गेला, दार बघितलं, आणि बाहेरच बसला. नबीलालही टेकला. मघापासून तो एकदाही शिंकला नव्हता.

उन्हं कलली तेव्हा गहिनीनाथ जागा झाला. चेहरा कसा लख्ख. सगळ्यांकडं बघून तो हसला, आणि उठायला गेला.

"आई गं!" त्यानं कंबर धरली. वळून बांधाकडं निरखून बघितलं. वाकला. विती टाकून बघितल्या.

"रतने," तो म्हणाला, "बांध पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई. मधी खळगा पडलाय. तुजं एक जुनं लुगडं आन. नबीभाई, जरा माप—"

पण नबीलालनं पिंजण केव्हाच खांद्यावर टाकलं होतं, आणि तो टेकाडावरून राहुरीच्या दिशेनं निघाला होता. म्हाताऱ्या माणसाला इतक्या जोरात पळता येतं, हे त्या शेळीनंही पहिल्यांदाच पाहिलं!