भिंत ओली आहे

रुग्णालयातल्या माणसांची भूक तुम्ही भिंतीवर ढकललीत, साहेब. अहवालाखाली सही तुमचीच आहे, तेव्हा आता अंग काढून घेऊ नका.

झालं ते एवढंच. जुन्या आजाऱ्यांच्या वॉर्डातून सूप दुसऱ्यांदा मागण्याचं प्रमाण वाढलं. एकवीस वर्षं तिथं रांधणाऱ्या मावशींनी वर लिहून कळवलं, की वाढायचं ओगराळं लहान दिलंय, पहिलं परत द्या. ओगराळं आलं नाही, समिती आली. समितीने पातेल्यात डोकावलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे मात्र बराच वेळ पाहिलं.

"पिवळी आहे," अध्यक्ष म्हणाले. "पिवळ्याने भूक चाळवते. निळ्याने मरते."

"साहेब, पेशंट जेवतात वॉर्डात. ही भिंत फक्त मला दिसते."

"म्हणूनच तुमचा हात सैल सुटतो."

रंगारी आला. रंगाच्या वासापायी स्वयंपाकघर तीन दिवस बंद राहिलं. पेशंटांना चहा आणि दोन-दोन बिस्किटं. नोंदवही मात्र बंद नव्हती. तिच्यात 'दुसऱ्यांदा मागणी' असा रकाना होता. पहिल्यांदा वाढलं का, हा रकाना छापायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मावशींनी तिन्ही दिवस शून्य लिहिलं, कारण दुसरं काही लिहायला जागाच नव्हती.

अहवाल निघाला : निळ्या रंगाचा परिणाम शंभर टक्के.

चौथ्या दिवशी भिंत वाळली, सूप शिजलं आणि चौदा जणांनी पुन्हा मागितलं. त्यात सगळ्यांत आधी मागितलं ते सात नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांनी. समिती पुन्हा बसली. रंग वाळला की त्याचा गुण जातो, असं एकमताने ठरलं. सबब भिंत कायम ओली ठेवावी. रंगाऱ्याचं पद कायम झालं. मावशींच्या पदाची गरज तपासायला घेतली.

"मावशी, सकाळपासून पोटात काही नाही," रंगारी शिडीवरून म्हणाला. "काही शिल्लक आहे का?"

"तू रंगवतोयस तोवर चूल पेटत नाही बाबा. खाली उतर, मग बघू."

"उतरलो तर नोकरी जाईल."

मास्तर रोज विचारायचे, "मावशी, वाळली का हो भिंत?" आधी हसून विचारायचे. मग नुसतं विचारायचे. नंतर भुवया उंचावून. एका सोमवारी सात नंबरची चादर बदललेली होती.

त्या दिवशी मावशींनी रकाना ओलांडून समासात लिहिलं : 'पहिल्यांदाही वाढलं नाही.' दुपारच्या आत त्यांना नोटीस मिळाली. सरकारी नोंदवही विद्रूप केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. मावशींनी नोटिशीच्याच पाठीवर खुलासा केला : 'भिंत ओली आहे. हात लावून बघा.' कुणी आलं नाही.

साहेबांचं बक्षीस घेतानाचं छायाचित्र छापून आलं. 'अन्नाची नासाडी थांबवणारं रुग्णालय.' त्यात मागे निळी भिंत आहे; मावशी नाहीत.

साहेब उत्तर देणार नाहीत, हे मावशींना ठाऊक आहे. म्हणून आता तुम्हाला विचारायचंय. तुम्ही ती बातमी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर वाचलीत, मान डोलावलीत, घरच्यांनाही वाचून दाखवलीत. आणि वाचता वाचता बशी पुढे केलीत. तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंत की नाही? तेवढं सांगा. रकाना मोकळा ठेवलाय.