डिफरेंशियलचा क्लास

हिंदी मुलखातल्या त्या कॉलेजातलं गणिताचं एम.एस्सी. बंद करायचं, असं संस्थेनं जवळजवळ ठरवलंच होतं. तेव्हा प्राचार्य यशवंतरावांनी गणित शिकवणाऱ्या श्यामकांतला बोलावून घेतलं.

"एक जाहीर व्याख्यान ठेवा. हॉल भरला तर मी संस्थेसमोर भांडतो. विषय कोणता घेऊन राहिले?"

"डिफरेंशियल ऑपरेटरचं सिंबल के-थिअरीत क्लास कसा ठरवतं."

"हव, हव," म्हणत यशवंतरावांनी लक्षात राहिलं तेवढं ऑफिसात सांगितलं. ऑफिसनं ते आणखी कापून हिंदी पेपरात दिलं: 'डिफरेंशियल ऑपरेटर की क्लास. प्रवेश निःशुल्क.'

रविवारी हॉल खच्चून भरला. आयुष्यभर रिकाम्या बाकांना शिकवलेल्या श्यामकांतनं भरलेल्या रांगा दोनदा मोजल्या. पहिल्या रांगेत बायको पद्मिनी ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

तो हिंदीत, जीव ओतून समजावू लागला. ऑपरेटरमधले सर्वांत वरच्या क्रमाचे डेरिव्हेटिव्ह ठेवायचे, बाकीचे सोडायचे. उरतं ते सिंबल. "शून्य छोड़कर हर दिशा में सिंबल को उल्टा कर सको, तभी के-थ्योरी में उसकी क्लास बनती है।"

मागून एक धिप्पाड माणूस उठला. "उल्टा तो घूमता है, गुरुजी। दिक्कत आगे चलने में है। मोड़ पर कड़कड़ करता है।"

"क्या?"

"डिफरेंशियल। ट्रक का। पिछले पहियों वाला गियर।"

सगळ्या हॉलनं माना डोलावल्या. गुढियारीच्या ट्रक अड्ड्यावरचे ड्रायव्हर आणि मिस्त्री झाडून सगळे आले होते. पद्मिनीनं डोळ्यांवर पदर घेतला. श्यामकांतनं दाराकडे पाहिलं; तिथं यशवंतराव खुशीत हात चोळत उभे होते. चार खुर्च्या सरकल्या, दोघं उठून चालू लागले. हॉल रिकामा झाला की एम.एस्सी. गेलंच. श्यामकांतनं फळा पुसला आणि दोन दातेरी चाकं काढली. उठलेले परत बसले. शेवटी टाळ्या थांबेचनात.

दुसऱ्या दिवशी यशवंतरावांनी त्याच्या हाती पेढा ठेवला.

"भांडलो तुमच्यासाठी. विभाग वाचला!"

"म्हणजे एम.एस्सी. राहणार, सर?"

"ते गेलं. ट्रक दुरुस्तीचा सर्टिफिकेट कोर्स मंजूर झाला. तुम्ही प्रमुख."

घरी येऊन त्यानं पद्मिनीला सगळं सांगितलं.

"तुमाले तर स्कूटरचा प्लगही काढता येत नाही," ती म्हणाली. मग त्याच्यासमोर चहा ठेवत तिनं सुस्कारा सोडला. "पण बरं झालं. तुम्ही काय शिकवता असं कोणी पुसलं, तर मले आता सांगता तरी येईल."