किंचित छटा

"भर दुपारी काचघराला जांभळे पडदे. उजेडाला बंदी, आणि झाडांनी म्हणे फुलायचं," शिडीवरून वाकून काचघरातली मदतनीस ताई खाली उभ्या बारकीच्या कानाशी पुटपुटली.

बारकीने शिडी आणखी घट्ट धरली. बोलणार कुठल्या तोंडाने? वर्षभर खपून तिनेच पेटुनियाच्या झाडांत रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत घातली होती. फुलं गर्द जांभळी होतील असा प्रयोगशाळेच्या सरांनी शब्द दिला होता, आणि त्या शब्दावर निधी देणारे साहेब आज पाहणीला येणार होते. त्यांना पटलं तरच बारकीची नोकरी टिकणार होती. कळ्या उमलल्या त्या मात्र धुतल्या चादरीसारख्या पांढऱ्या.

असं का झालं, ते तिला आठवड्यापूर्वीच उमगलं होतं. आगंतुक प्रत पाहून झाडाला संशय आला. त्याने आरएनएचे चिमुकले तुकडे पाडले. त्या तुकड्यांनी जुळणारा पत्ता दाखवला, आणि झाडाने तिथला डीएनएचा धागा प्रथिनांभोवती असा घट्ट गुंडाळला, की नवं जनुक तर मिटलंच, मूळचंही मुकं झालं. सुनेसोबत सासूचीही वाचा बंद. खरं तर ही गोष्ट गर्द जांभळ्याहून मोठी होती. पण सरांना सांगायची कोणी?

सर रोज यायचे, फुलांकडे बघायचे आणि म्हणायचे, "किंचित छटा आहे."

"आहे की, सर," ताई म्हणायची. "कडेने बघितलं की दिसते."

मग कडेने दिसावं म्हणून कुंड्या तिरक्या झाल्या. तिरक्या कुंड्यांतलं पाणी गळून फरशी निसरडी झाली, म्हणून जांभळी सतरंजी आली. सतरंजीची झाक फुलांवर पडतेय असं वाटून सर खूश झाले, म्हणून आज पडदे.

साहेब आले. बराच वेळ बघत राहिले.

"कसा काय वाटला रंग?" सरांनी विचारलं.

"अं... गर्द आहे." साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "छानच. आणखी तीन वर्षं देऊ. हाच जांभळा वाढवा."

ताईने बारकीला हळूच कोपर मारलं. नोकरी पक्की. आता तीन वर्षं रोज कडेने बघायचं.

साहेब पुन्हा चष्मा पुसत खालच्या आवाजात सरांना म्हणाले, "डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे का हो तुमच्या ओळखीत?"

बारकीने पडदा सर्रकन बाजूला ओढला.

"साहेब, डोळे ठणठणीत आहेत तुमचे. फुलं पांढरी आहेत."