करीमभाईंची चांदणी

करीमभाई सलोतरी गोठ्यात शिरले की आधी बैलाला सलाम करत, मालकाला मागाहून. जनावर कुणाचंही असो, ते त्याला 'पाटील' म्हणत आणि "इजाजत हाय का, पाटील?" असं विचारल्याशिवाय सुईला हात लावत नसत. गावचे खरे पाटील यावरून कायमचे रुसलेले. एकदा त्यांनी जाब विचारला, तर करीमभाई म्हणाले, "तुमी रागावता. हे रागावत न्हाईत."

मी तेव्हा पाटोद्याच्या तहशिलीत कारकून होतो आणि निजाम सरकारच्या या गुरांच्या डॉक्टरांचा शेजारी. त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. चांदणी नावाची एक गाय होती, तिच्याशीच त्यांची दिवसभर हुज्जत चाले.

त्या साली शेजारच्या गावात बुळकांडी आली. गुरं पटापट मरू लागली. हैदराबादेहून लसीच्या बाटल्या आल्या, पण एकही शेतकरी जनावर पुढं आणीना.

"देवीचा कोप हाय," पाटील म्हणाले. "सुईनं आणखी चिडंल. तुमच्या गाईला कावून टोचत न्हाई?"

"टोचतो की!"

करीमभाईंनी चारचौघांत चांदणीची इजाजत घेतली, तिला टोचलं आणि शेजारच्या गावी नेऊन थेट आजारी गुरांच्या गोठ्यात बांधलं. स्वतःही तिथंच मुक्काम ठोकला. आठवड्यात त्या गोठ्यातली चार गुरं गेली. चांदणी कडबा खात राहिली.

पंधरवड्यानंतर ती शेपूट उडवत वेशीत शिरली, तेव्हा अख्खं गाव जनावरं घेऊन उभं होतं. सर्वांत पुढं पाटील, आपल्या बैलजोडीसह.

"इजाजत हाय का, पाटील?" करीमभाईंनी बैलाला विचारलं.

"हाय, हाय! टोचा आता!" पाटीलच ओरडले. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

त्या साथीत आमच्या गावचं एकही जनावर दगावलं नाही.

शेवटचं वासरू टोचून झाल्यावर मी त्यांना शाबासकी द्यायला गेलो. ते चांदणीच्या गळ्याला मिठी मारून बसले होते, डोळे लालभडक.

"लशीवर भरवसा होता ना?" मी विचारलं.

"लशीवर होता हो. पर तिला त्या गोठ्यात बांधल्यापास्नं रातीला डोळा लागला न्हाई." तिची मान खाजवत म्हणाले, "आमची घरवाली सकीना गेवराईहून नांदाया आली, तवा हिला कालवड म्हणून संगं घेऊन आलती. प्लेगात ती गेली. ही तेवढी राहिली."

मी कडब्याची एक पेंढी आणून चांदणीपुढं टाकली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो.